कोर दोन की चार? आधी काम कुठं अडतंय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जिंतूर तालुक्यात तुमचं सेवा केंद्र आहे. दाखले, सातबारा, पीकविमा, कॉलेज प्रवेशाचे फॉर्म, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो अशी कामं चालतात. सध्याचं मशीन पेंटियम जी२०२०, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबी हार्ड डिस्कचं, आणि ऐन गर्दीत ते अडकतं. परभणीत एका दुकानदाराने दोन वापरलेल्या वस्तू दाखवल्या: आय५-७२००यू प्रोसेसरचा ड्युअल कोर, म्हणजे दोन कोरचा, लॅपटॉप आणि आय५-६५०० प्रोसेसरचा क्वाड कोर, म्हणजे चार कोरचा, डेस्कटॉप. (कोर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा एकेक भाग.) दोन्हींत ८ जीबी रॅम. "क्वाड कोर म्हणजे डबल स्पीड," असं तो म्हणाला. तुमचं बजेट १८ हजार. लाईट जाते म्हणून लॅपटॉपकडे ओढा आहे आणि पुतण्या लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं म्हणतोय.

लातुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्ती-विक्रीचं काम आहे. प्रवेशाचा आणि विम्याचा हंगाम आला की हाच प्रश्न घेऊन केंद्रवाले येतात. सीपीयूचा डबा काउंटरवर ठेवतात आणि सांगतात, "लई स्लो चालायलंय, क्वाड कोर टाकून द्या." मी डब्याला हात लावायच्या आधी वायरी जोडतो, मशीन चालू करतो आणि टास्क मॅनेजर (मशीनचा कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडतो. तुम्हीही पैसे मोजायच्या आधी तेवढं करा. कारण दोन कोर की चार हा तुमचा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न, तुमचं मशीन नेमकं कशासाठी थांबतं?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा आणि 'परफॉर्मन्स'वर जा. हे सकाळी दुकान उघडल्या उघडल्या करू नका, त्यावेळी सगळंच छान दिसतं. समोर पाच-सहा माणसं उभी आहेत, क्रोममध्ये सात-आठ टॅब उघडे, एक पीडीएफ उघडी, स्कॅनर चालू, प्रिंट सोडलेली, अशा वेळी बघा. तुमच्यासारख्या मशीनवर मला बहुतेक वेळा जे दिसतं ते असं: सीपीयू ३०-४० टक्के, मेमरी ९० टक्क्यांच्या पुढं आणि डिस्क सरळ १०० वर चिकटलेली. डिस्कवर क्लिक केलं की खाली 'अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम' येतो. तो शेकडो मिलिसेकंद दाखवत असेल, कधी हजाराच्याही वर, तर समजून घ्या की प्रोसेसर रिकामा बसलाय आणि डिस्ककडून माहिती यायची वाट बघतोय.

असं होतं ते रॅममुळे. विंडोज आणि क्रोम मिळून ४ जीबी रॅम सहज भरून टाकतात. रॅम भरली की विंडोज त्यातला काही भाग हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. हार्ड डिस्क म्हणजे फिरणारी तबकडी आणि हलणारी सुई. छोट्या छोट्या तुकड्यांत माहिती वाचायची म्हटली तर सेकंदाला शंभर-दीडशे वाचनांच्या पुढं तिची मजल जात नाही. साधी साटा एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली चिपची डिस्क, तेच काम सेकंदाला हजारोंच्या हिशेबात करते. त्यामुळं जिथं डिस्क १०० वर आहे तिथं चार काय, आठ कोर बसवले तरी आठही जण त्याच सुईच्या तोंडाकडे बघत बसणार.

आता दुसरं चित्र. डिस्क आणि मेमरी मोकळ्या आहेत, पण सीपीयू वर चढून तिथंच अडकलाय. इथं आकडा नीट वाचा. तुमच्या जी२०२० ला दोन कोर आहेत. एखादं काम चालू असताना सीपीयू बरोब्बर ५० टक्क्यांच्या आसपास अडकून राहिला, वर जाईना आणि खाली येईना, तर ते काम एका वेळी एकच कोर वापरणारं आहे असं धरायला हरकत नाही. एका कोरइतकी ताकद पूर्ण लागली, दुसऱ्या कोरइतकी मोकळी पडून. हेच काम चार कोरच्या मशीनवर २५ टक्क्यांवर अडकेल. दुकानातला माणूस म्हणेल, "बघा, फक्त २५ टक्के लोड आहे, केवढं दमदार मशीन!" पण एकेका कोरची ताकद सारखीच असेल तर काम संपायला वेळ तेवढाच लागेल. कधी कधी आलेखात दोन्ही कोर अर्धे अर्धे दिसतात, त्याने फसू नका. विंडोज एकच काम या कोरवरून त्या कोरवर उचलून ठेवत असतं, म्हणून तसं दिसतं.

सीपीयू खरोखर १०० टक्क्यांवर जाऊन तिथंच राहत असेल, तर मात्र तुम्हाला जास्त कोर हवेत. दुकानदाराचं म्हणणं तिथं लागू पडतं, आणि तिथंही पूर्ण नाही.

सोयाबीन काढणीला दोनाऐवजी चार माणसं लावली की काढणी निम्म्या वेळात होते, पण मळणीयंत्र एकच असलं तर रास व्हायला लागायचा तेवढा वेळ लागतोच. कॉम्प्युटरच्या कामातही वाटून करता येणारा भाग असतो आणि एकामागून एकच करावा लागणारा भाग असतो. जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली हा हिशेब मांडला आणि तो अजून चुकलेला नाही. समजा एका कोरवर १० मिनिटं लागणारं काम आहे आणि त्यातला निम्माच भाग वाटता येतो. दोन कोरवर ते साडेसात मिनिटांत होईल, चार कोरवर सव्वासहा मिनिटांत. दोनाचे चार कोर केले आणि वाचलं काय, तर सव्वा मिनिट. तेच ९० टक्के भाग वाटता येण्यासारखा असला तर दोन कोरवर साडेपाच आणि चार कोरवर सव्वातीन मिनिटं. दोन्ही वेळा मशीन तेच, फरक फक्त कामाच्या जातीचा.

तुमच्या केंद्रातली कामं या हिशेबाने बघू. फॉर्म भरणं: क्रोम प्रत्येक साइटला बहुधा वेगळी प्रोसेस देतं, म्हणून अनेक टॅब उघडे असतील तर कोर वाटले जातात. पण तुम्ही ज्या एका टॅबमध्ये टाइप करताय त्या पानाचं मुख्य काम एकाच कोरवर चालतं. शेवटच्या तारखेला पोर्टलवर सगळ्या राज्याची गर्दी झाली आणि चक्री फिरत राहिली, तर तिथं तुमच्या कोरचा काही संबंधच नाही, ती वाट दुसरीकडच्या सर्व्हरची आहे. (हे गिऱ्हाइकाला पटवणं सगळ्यात अवघड. "बाजूच्या केंद्रात फॉर्म गेला की!" असं म्हणतात.) स्कॅन करून पीडीएफ लहान करणं: नेहमीची छोटी टूल्स बहुधा एकाच कोरवर चालतात. पासपोर्ट फोटो आणि प्रिंटला काहीच लागत नाही. टॅलीत नोंदी करायलाही नाही. एक्सेलमध्ये मोठमोठी सूत्रं असतील तर २००७ च्या आवृत्तीपासून ती अनेक कोरवर वाटली जातात, पण मॅक्रो (एकामागून एक आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) चालवला की परत एकच कोर.

हे वाचून वाटेल की मग चार कोर घ्यायचेच कशाला? घ्यायचे, पण वेगळ्या कारणासाठी. तुमच्या जी२०२० मध्ये दोनच कोर आहेत आणि हायपरथ्रेडिंगही (एका कोरकडून एका वेळी दोन कामं घ्यायची सोय) नाही. मागं विंडोज डिफेंडरचं स्कॅन सुरू झालं किंवा अपडेट उतरायला लागलं की त्यातला एक कोर तिकडं जातो. उरलेल्या एकावर तुमचं क्रोम, स्कॅनरचं सॉफ्टवेअर आणि प्रिंट सगळं येतं. मग टाइप केलेलं अक्षर दोन सेकंदांनी उमटतं. चार कोर असले की मागचं काम मागं चालतं आणि पुढचं पुढं. एकेका कामाचा वेग दुप्पट होत नाही, पण मधे मधे बसणारे धक्के जातात. दिवसभर काउंटरवर बसणाऱ्याला हा फरक चांगलाच कळतो. नवीन मशीन घ्यायचंच असेल तर आज चार खरे कोर असावेत, असं माझंही मत आहे. फक्त रॅम आणि एसएसडीचे पैसे कापून ते घेऊ नयेत.

आता "खरे कोर" म्हणजे काय ते. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर खाली दोन ओळी असतात: 'कोर्स' आणि 'लॉजिकल प्रोसेसर्स'. ७२००यू वर तिथं २ आणि ४ दिसेल. ६५०० वर ४ आणि ४. पहिल्यात कोर दोनच आहेत, हायपरथ्रेडिंगमुळं एकेका कोरकडून दोन-दोन कामं घेतली जातात, इतकंच. त्याचा फायदा होतो, पण जास्तीचा खरा कोर मिळाल्यासारखा नाही. जुन्या बाजारात हा ४ चा आकडा दाखवून ड्युअल कोर मशीन क्वाड कोर म्हणून खपवलं जातं. तेव्हा आधी 'कोर्स'ची ओळ वाचा.

आय३, आय५, आय७ या नावांवरून कोर किती ते कळत नाही. आय७-७५००यू हा लॅपटॉपचा प्रोसेसर नावाने आय७, पण कोर दोन. आय३-८१०० हा डेस्कटॉपचा, नावाने आय३, पण कोर चार. इंटेलच्या डेस्कटॉप आय३ मध्ये सातव्या जनरेशनपर्यंत दोनच कोर होते, २०१७ च्या ऑक्टोबरात आलेल्या आठव्या जनरेशनपासून चार झाले. लॅपटॉपच्या साध्या आय५ मध्येही त्याच वर्षी तसंच झालं: ७२००यू मध्ये दोन, ८२५०यू मध्ये चार. एका आकड्याचा फरक आणि कोर दुप्पट. म्हणून वापरलेला लॅपटॉप घेताना "आय५ आहे" एवढ्यावर मान हलवू नका, पूर्ण नंबर मागा. नंबरातला पहिला आकडा जनरेशन सांगतो, दहाव्यापासून पुढं पहिले दोन आकडे. आय३-१००५जी१ दहाव्या जनरेशनचा आहे, पण कोर दोनच. इंटेलसारखीच प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी एएमडी, तिच्या रायझन ३ ३२५०यू लाही दोनच कोर आहेत.

आणि कोर कोणत्या जातीचा आहे हेही बघायचं. नव्या स्वस्त लॅपटॉपच्या खोक्यावर 'क्वाड कोर' असं ठळक लिहिलेलं असतं आणि आत पेंटियम सिल्व्हर एन५००० सारखा प्रोसेसर असतो. त्याचे चार कोर कमी वीज खाणारे, लहान. तुम्हाला दाखवलेला दोन कोरचा ७२००यू बहुतेक रोजच्या कामात त्याच्या पुढं राहील. मोबाइलला आठ कोर आणि कॉम्प्युटरला दोनच कसे, असं शाळेतली पोरं विचारतात, त्याचंही उत्तर हेच. स्वस्त मोबाइलातले आठ कोर लहान असतात आणि बॅटरी पुरवून वापरण्यासाठी बनवलेले असतात.

मुळात हे दोन आणि चार कोर आले कुठून? २००४ पर्यंत कंपन्यांची चढाओढ गिगाहर्ट्झची, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाच्या वेगाची, होती. पेंटियम ४ चढत चढत ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत गेला, पण इतका तापायला लागला की ४ गिगाहर्ट्झचा जाहीर केलेला प्रोसेसर इंटेलने रद्द केला. एकाला आणखी पळवता येईना, म्हणून २००५ मध्ये एकाच चिपमध्ये दोन जण बसवायला सुरुवात झाली: इंटेलचा पेंटियम डी आणि एएमडीचा अ‍ॅथलॉन ६४ एक्स२. पुढच्याच वर्षी कोर २ ड्युओ आला. पेंटियम डी ८२० मध्ये २.८ गिगाहर्ट्झचे दोन कोर आणि कोर २ ड्युओ ई६३०० मध्ये १.८६ गिगाहर्ट्झचे दोन कोर. कागदावर पेंटियम डी पुढं, टेबलावर कोर २ ड्युओने त्याला सपशेल मागं टाकलं आणि तापला कमी. कोरची संख्या सारखी, गिगाहर्ट्झ कमी, तरी वेग जास्त. तेव्हापासून एका आकड्यावर मशीन विकत घेण्यात अर्थ राहिलेला नाही, पण आपल्याकडचे खोके अजून एकाच आकड्यावर विकले जातात.

आता तुमच्या दोन मशीनची सरळ तुलना. ७२००यू: दोन कोर, २.५ गिगाहर्ट्झ, थोडा वेळ ३.१ पर्यंत, १५ वॉटचा. ६५००: चार कोर, ३.२ गिगाहर्ट्झ, ३.६ पर्यंत, ६५ वॉटचा. एका कोरच्या कामातही ६५०० थोडा पुढं आहे आणि सगळे कोर लागतात तिथं तर दीडपटीच्याही वर जातो. म्हणजे या जोडीपुरतं दुकानदाराचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. दोन्हींत एसएसडी असेल आणि या दोनांतूनच निवडायचं असेल, तर केंद्रासाठी मी ६५०० चा डेस्कटॉप घेईन.

पण मी दोन्ही घेणार नाही. कारण विंडोज.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढं वर्षभरासाठी सुरक्षेचे जादा अपडेट मिळवायची सोय आहे, पण ती तात्पुरती. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने प्रोसेसरची यादी ठरवली आहे. इंटेलमध्ये ती आठव्या जनरेशनपासून सुरू होते, मोजके अपवाद सोडले तर. एएमडीत साधारण रायझन २००० पासून. सोबत टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) लागतं. तुम्हाला दाखवलेला ६५०० सहाव्या जनरेशनचा आणि ७२००यू सातव्या. दोन्ही यादीबाहेर. गंमत बघा, चार कोर आणि आठ लॉजिकल प्रोसेसर्सचा आय७-७७०० सुद्धा यादीत नाही, आणि दोन कोरचा सेलेरॉन एन४०२० आहे. एन४०२० घ्या असं मी म्हणत नाही, तो फारच अशक्त आहे. सांगायचं इतकंच की कोर मोजण्याआधी जनरेशन मोजा. यादीबाहेरच्या मशीनवर विंडोज ११ पळवाटेने टाकून देणारेही आहेत. घरच्या मशीनवर ज्याने त्याने बघावं. पण तुमच्याकडे लोकांचे आधार, पासबुक, पॅन स्कॅन होतात. तिथं अपडेट कधी बंद पडतील याचा भरवसा नसलेलं मशीन ठेवू नये.

मग १८ हजारांत काय? माझ्या गिऱ्हाइकाला मी दोन टप्प्यांत सांगतो.

पहिला टप्पा, जुन्या मशीनला २५६ जीबी एसएसडी आणि आणखी ४ जीबी डीडीआर३ रॅम. रॅमची दुसरी खाच रिकामी आहे का, ते टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड'मध्ये कळेल. जुनी हार्ड डिस्क फेकू नका, फाइली साठवायला लावून ठेवा. एवढ्यावरच तुमची अर्धी तक्रार जाईल. दुकानदार कदाचित सुचवेल की याच बोर्डावर आय५-३४७० बसतो, क्वाड कोर होऊन जाईल. बसतो, सॉकेट (प्रोसेसर बसवायची खाच) तोच आहे, बोर्डाच्या यादीत तो आहे ना एवढं बघावं लागतं. पण तो ७७ वॉटचा, तुमचा ५५ चा, म्हणजे कूलरही बदलायचा, आणि एवढं करून विंडोज ११ ला ते मशीन अपात्रच. त्यात पैसे घालू नका. हे जुनं मशीन यापुढं झेरॉक्स, फोटो आणि प्रिंटच्या काउंटरला ठेवा. लोकांची लॉगिनची कामं त्यावर नकोत.

दुसरा टप्पा, उरलेल्या पैशांत आय३-८१०० किंवा त्याच्या पुढचा वापरलेला ऑफिसचा डेस्कटॉप, ८ जीबी रॅम आणि एसएसडीसह. किंवा इंटेल एन१०० चा नवा मिनी पीसी. एन१०० हा २०२३ चा, चार कोरचा, अवघ्या ६ वॉटच्या वर्गातला प्रोसेसर आहे. ताकदीला तो तुम्हाला दाखवलेल्या ६५ वॉटच्या ६५०० च्या आसपास येतो. दोन्ही क्वाड कोर, मधल्या काही वर्षांत विजेचा खप कुठल्या कुठं खाली आला. विंडोज ११ दोन्हींवर, म्हणजे ८१०० आणि एन१०० वर, रीतसर चालतं. या दोनांत कोणता, ते तुमच्या गरजेवर आहे. ८१०० ची एकेका कोरची ताकद जास्त आणि पुढं रॅम वाढवणं, सुटे भाग बदलणं सोपं. एन१०० नवा मिळतो, वॉरंटी असते आणि इन्व्हर्टरवर हलका. भाव दर आठवड्याला हलतात, विशेषतः रॅम आणि एसएसडीचे, म्हणून रुपये मी सांगत नाही. दोन-तीन दुकानांत फोन करा. रॅम आणि एसएसडी धरून भाव विचारा, नाहीतर "मशीन एवढ्याला, एसएसडी वेगळी" असं नंतर निघतं.

लॅपटॉपबद्दल एक गोष्ट आपल्या भागात जास्त लागू पडते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असतो, दुकान पत्र्याचं, रस्त्याची धूळ आत येते. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. १५ वॉटच्या लॅपटॉपला उष्णता बाहेर टाकायला एक चिमुकला पंखा आणि चपटी जाळी. जाळीत धूळ आणि तंतू बसून नमद्यासारखा थर होतो. उन्हाळ्यात "दुपारीच स्लो होतो" म्हणून आलेल्या लॅपटॉपमध्ये मला हाच थर सापडतो. तो काढून थर्मल पेस्ट बदलली की मशीन सुधारतं, कोर होते तेवढेच राहतात. टास्क मॅनेजरमध्ये 'स्पीड' बघत चला. काम जोरात चालू असताना तो मूळ गिगाहर्ट्झच्याही खाली उतरत असेल तर मशीन तापलंय असा संशय घ्या. चार कोरचा लॅपटॉप सगळे कोर लावून दहा-पंधरा मिनिटं पळवला की तापून खाली येतो, त्यामुळं कागदावरचा फायदा पूर्ण पदरात पडत नाही. डेस्कटॉपला हवा खेळते आणि पंखा कुणालाही साफ करता येतो. दिवसभर चालणाऱ्या केंद्राला डेस्कटॉपच बरा.

पुतण्याचं काम वेगळं आहे, ते या हिशेबात घालू नका. व्हिडिओ एक्सपोर्ट, म्हणजे एडिट झालेल्या व्हिडिओची फाइल काढणं, हे वाटून करता येणाऱ्या कामांतलं अगदी वरचं काम. तिथं चार कोर ही सुरुवात आणि सहा असतील तर आणखी बरं. आय५-८४०० मध्ये सहा कोर आहेत. शिवाय १६ जीबी रॅम लागेल. आणि एडिटिंग चालू असताना केंद्राचं मशीन गुंतून पडेल, समोर माणसं उभी राहतील. त्याला महिनाभर चार-पाच मिनिटांच्या रील करू द्या, तेवढ्याला ८१०० पुरेल. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची सोय असते. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 'हार्डवेअर एन्कोडिंग' चालू केलं की कोरवरचा बराच भार उतरतो. लग्नाच्या ऑर्डरी खरंच यायला लागल्या, तर त्या पैशांतून त्याचं मशीन वेगळं घ्या.

लाईटचं म्हणाल तर लॅपटॉपची बॅटरी हे कारण मला लंगडं वाटतं. वापरलेल्या लॅपटॉपची बॅटरी आधीच थकलेली असते, आणि लाईट गेली की लॅपटॉप चालू राहील पण प्रिंटर, स्कॅनर आणि राउटर बंद. काम थांबायचं ते थांबतंच. राउटर आणि मशीन दोन्ही इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर घ्या. लेझर प्रिंटर मात्र छोट्या यूपीएसवर लावू नका, तापताना तो एकदम जास्त वीज ओढतो आणि यूपीएस बसतो. एन१०० चा मिनी पीसी आणि एलईडी मॉनिटर मिळून इतकं कमी खातात की घरगुती इन्व्हर्टरवर आरामात तासन्‌तास चालतील. तुमच्याकडे लाईट फारच जात असेल तर ८१०० ऐवजी एन१०० घ्यायला हे एक कारण पुरेसं आहे. आणि अर्थिंग तपासून घ्या. डब्याला हात लावला की मुंग्या येत असतील तर नवं मशीन जोडायच्या आधी वायरमनला बोलवा.

खरेदीला जाताना आधी व्हॉट्सअ‍ॅपवर टास्क मॅनेजरचे तीन फोटो मागवा: सीपीयू, मेमरी आणि डिस्क. त्यात प्रोसेसरचा पूर्ण नंबर, खरे कोर, रॅमच्या खाचा आणि डिस्क एसएसडी आहे की हार्ड डिस्क, सगळं दिसतं. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर परभणीपर्यंतचं पेट्रोल वाचलं समजा. दुकानात गेल्यावर मशीन वीस-पंचवीस मिनिटं चालू ठेवा, क्रोममध्ये दहा टॅब उघडा आणि पंख्याचा आवाज ऐका. 'विंडोज सिक्युरिटी'त जाऊन टीपीएम दिसतोय का बघा. बिलावर प्रोसेसरचा नंबर, एसएसडीची क्षमता आणि किती दिवसांत बदलून देणार ते लिहून घ्या. आणि तुमचा स्कॅनर व अंगठ्याचं मशीन पिशवीत घालून सोबत न्या. जुन्या स्कॅनरचे ड्रायव्हर विंडोज ११ वर चालतातच असं नाही, तेव्हा तिथंच जोडून एक कागद स्कॅन करून बघा आणि मग पैसे द्या.